उपायाचाही हिशेब द्यावा लागेल

सर्व स्तुती त्या अल्लाहला शोभते, ज्याने सृष्टी निर्माण केली आणि तिच्या प्रत्येक घटकाला माप ठरवून दिले. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी आम्हाला उपासनेबरोबरच वापरातील संयमही शिकविला.



दिव्य कुरआनच्या सूरह अल्-बकरामध्ये (आयत ११-१२) एका मनोवृत्तीचे वर्णन आले आहे. पृथ्वीवर बिघाड माजवू नका असे त्या लोकांना सांगितले असता ते म्हणतात की आम्ही तर सुधारणाच करीत आहोत. अल्लाह स्पष्ट करतो की बिघाड करणारे खरे तर तेच आहेत, पण त्यांना त्याची जाणीव नाही. या आयतींचा मूळ रोख मदीनेतील दांभिकांकडे आहे आणि कोणाही मुस्लिमावर तो शिक्का मारण्याचा आपल्याला अधिकार नाही. तथापि त्यांतून मिळणारी एक शिकवण प्रत्येकाने स्वतःला लावून पाहावी अशी आहे. सुधारणेचा दावा करणे आणि सुधारणा घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि या दोहोंमधील अंतर दावा करणाऱ्याला स्वतःला दिसतेच असे नाही.

आज हवामान बदलावर जगभर उपाय योजले जात आहेत. सौर ऊर्जा, विजेवर चालणारी वाहने, वृक्षारोपण, कापडी पिशव्या, आंतरराष्ट्रीय परिषदा अशी ही यादी मोठी आहे. हे उपाय आवश्यक आहेत यात शंका नाही. परंतु यांपैकी एकही उपाय फुकट होत नाही. सौर पॅनेल बनविण्यासाठी भट्टी पेटवावी लागते, मोटारीच्या बॅटरीसाठी खाण खणावी लागते, परिषदेला जाण्यासाठी विमान उडवावे लागते. म्हणजे कार्बन कमी करण्याच्या प्रयत्नालाही स्वतःचा कार्बन फूटप्रिंट असतो. या उपायाच्या भाराकडे श्रद्धावंताने कसे पाहावे, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०२१ साली ग्लासगो येथे संयुक्त राष्ट्रांची २६ वी हवामान परिषद भरली. तिच्या आयोजनातून एक लाख टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड एवढे उत्सर्जन होईल असा प्राथमिक अंदाज यजमान देशासाठी काढण्यात आला होता आणि त्यातील सुमारे ६० टक्के वाटा आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा होता. २०२३ च्या दुबई परिषदेस तर ८० हजारांहून अधिक लोक उपस्थित राहिले. विजेवर चालणाऱ्या मोटारीची गोष्टही अशीच. बॅटरीमुळे ती कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या नावावर पेट्रोलच्या मोटारीपेक्षा अधिक कार्बन जमा झालेला असतो. हे कर्ज ती पुढे धावून धावून फेडते. किती लवकर फेडते, हे तिला मिळणारी वीज कशापासून बनली आहे यावर अवलंबून आहे, आणि भारतात आजही सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून बनते.

आपल्या घरातील कापडी पिशवी घ्या. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एकदाच वापरल्या जाणाऱ्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा हवामानावरील भार कमी ठरावा, यासाठी सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरावी लागते. कारण कापूस पिकविणे, सूत कातणे, कापड विणणे आणि वाहतूक करणे या प्रत्येक टप्प्यावर पाणी, खत व इंधन खर्च होते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. नाल्यांत तुंबणाऱ्या आणि गुरांच्या पोटात जाणाऱ्या प्लॅस्टिकचा विचार करता ती योग्यच होती. पण त्यानंतर लग्नात, दुकानात, सभेत वाटलेल्या नव्या नव्या कापडी पिशव्यांनी ज्या घरातील कपाट भरून गेले आहे, तिथे उपायाचे रूपांतर नव्या उधळपट्टीत झाले आहे, हेही मान्य करावे लागेल.

ही माहिती समोर आली की माणसाचे मन दोन चुकीच्या वाटांनी जाऊ लागते.

पहिली वाट निराशेची आणि आळसाची आहे. ‘उपायातूनही प्रदूषणच होते ना? मग हे सारे ढोंग आहे. जसे चालले आहे तसे चालू द्या.’ हे बोलणे हुशारीचे वाटते, परंतु ते वजन न करता दिलेला निवाडा आहे. इस्लामने आम्हाला वजन करायला शिकविले आहे. सूरह अर्-रहमानमध्ये (आयत ७ ते ९) अल्लाहने आकाश उंच केल्याचा उल्लेख करून लगेच तराजूचा उल्लेख केला आहे आणि मापात अतिरेक किंवा घट न करण्याची आज्ञा दिली आहे. सूरह अल्-बकरामध्ये (आयत २१९) मद्य आणि जुगार यांविषयी निर्णय देताना त्यांत लोकांसाठी काही लाभ असल्याचे नाकारलेले नाही; पण त्यांतील अपराध लाभाहून मोठा आहे असे सांगितले आहे. एखाद्या गोष्टीत थोडा लाभ आहे म्हणून ती चांगली ठरत नाही, तसेच एखाद्या गोष्टीत थोडी हानी आहे म्हणून ती वाईट ठरत नाही. दोन्ही पारडी पाहावी लागतात.

मग पाहू या. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरसरकारी मंडळाने (आयपीसीसी) २०१४ च्या अहवालात वीजनिर्मितीच्या प्रत्येक मार्गाचा आरंभापासून अखेरपर्यंतचा भार मांडला आहे. त्यात खाण, कारखाना, वाहतूक आणि विल्हेवाट यांचाही समावेश आहे. एक युनिट वीज कोळशापासून बनविताना मध्यम अंदाजाने ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड एवढे उत्सर्जन होते. छतावरील सौर पॅनेलसाठी हा आकडा सुमारे ४१ ग्रॅम आहे, तर जमिनीवरील पवनचक्कीसाठी सुमारे ११ ग्रॅम. सौर वीजही निष्कलंक नाही, हे यावरून खरे ठरते. पण कोळशाच्या तुलनेत तिचा भार विसाव्या हिश्श्याएवढा आहे, हेही तेवढेच खरे आहे. आपल्या देशात छतावर बसविलेले पॅनेल आपल्या निर्मितीचे कार्बन-कर्ज साधारणपणे एक ते दोन वर्षांत फेडते आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे वीज देत राहते. हे पाहूनही जो म्हणतो की दोन्ही सारखेच, तो मापात खोट करतो.

आपल्या फकीहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) याविषयी मोठे उपयुक्त नियम सांगितले आहेत. त्यांचा पाया प्रेषितांची (स.) ती शिकवण आहे, जिच्यानुसार कोणी कोणाला इजा करू नये आणि इजेला इजेने उत्तरही देऊ नये. यावरून त्यांनी प्रथम नियम काढला की हानी दूर केली पाहिजे. त्याला जोडून दुसरा नियम असा की, हानी तितक्याच हानीने दूर करता येत नाही. आणि तिसरा असा की, मोठी हानी टाळण्यासाठी लहान हानी सोसता येते. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राजवटीत ‘मजल्ला’ ही कायद्याची संहिता तयार झाली, तिच्या आरंभीच्या कलमांत हे नियम समाविष्ट आहेत. उपायाच्या कार्बन फूटप्रिंटचा प्रश्न या तीन नियमांत पूर्णपणे सामावतो. उपाय केलाच पाहिजे. ज्या उपायाचा भार मूळ रोगाएवढाच असेल तो उपाय नव्हे. आणि ज्याचा भार रोगाहून कमी असेल तो स्वीकारावा, मात्र तो भारही शक्य तितका कमी करीत जावे.

निराशेच्या वाटेवर असलेल्यांनी प्रेषितांचे (स.) आणखी एक मार्गदर्शन आठवावे. कयामतची घडी येऊन ठेपली आणि कोणाच्या हाती रोपटे असेल, तर शक्य असल्यास त्याने ते लावून टाकावे, अशी शिकवण इमाम अहमद यांच्या मुसनदमध्ये आली आहे. परिणाम आपल्या हाती नाही, म्हणून कर्तव्य सुटत नाही.

दुसरी चुकीची वाट पहिलीच्या नेमकी उलट आहे. ‘आमचा हेतू चांगला आहे, आम्ही तर पर्यावरणाचेच काम करीत आहोत, आम्हाला कसला हिशेब विचारता?’ कर्मे हेतूंवर अवलंबून आहेत, हे प्रेषितवचन आपणास परिचित आहे. पण उत्तम हेतूमुळे साधनाची तपासणी माफ होते, असा त्याचा अर्थ कोणीही घेतलेला नाही. याविषयीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण वुजूचे आहे. इब्ने माजा यांच्या संग्रहात नोंद आहे की हजरत सअद (रजि.) वुजू करीत असता प्रेषित (स.) तेथून गेले आणि पाण्याच्या अधिक वापराबद्दल त्यांनी विचारणा केली. वुजूमध्येही उधळपट्टी होते काय, असे सअद (रजि.) यांनी आश्चर्याने विचारले. होय, तुम्ही वाहत्या नदीच्या काठी असाल तरीही, असे उत्तर मिळाले. या हदीसच्या सनदेविषयी हदीसवेत्त्यांमध्ये चर्चा आहे, परंतु तिच्या आशयाला प्रेषितांच्या (स.) आचरणाचा आधार आहे. सहीह बुखारीनुसार ते एक मुद्द पाण्यात वुजू करीत. आजच्या मापाने हे पाणी एक लिटरही भरत नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. वुजू ही उपासना आहे. तिच्यावाचून नमाज होत नाही. तिचा हेतू शुद्धीचा आहे. तरीही तिच्यासाठी लागणाऱ्या पाण्याचा हिशेब माफ नाही. जर उपासनेला ही सूट नाही, तर पर्यावरणाच्या नावाने होणाऱ्या परिषदेला, मोहिमेला आणि खरेदीला ती कोठून मिळणार?

उपायाचा हिशेब ठेवल्याने उपाय दुबळा होत नाही, उलट अधिक चांगला होतो. ओझोनच्या थराचा इतिहास याची साक्ष देतो. शीतकपाटे आणि वातानुकूलन यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होत असल्याचे उघड झाल्यावर १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि ते वायू हळूहळू बंद करण्यात आले. त्यांच्या जागी हायड्रोफ्लुरोकार्बन वायू आले. त्यांनी ओझोनला धक्का लावला नाही, परंतु ते स्वतः उष्णता धरून ठेवणारे प्रबळ वायू निघाले. त्यांपैकी एक बहुप्रचलित वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटीच्या आसपास उष्णता रोखतो. उपायातून नवा भार निर्माण झाला होता. म्हणून जगाने ओझोनचे रक्षण सोडून दिले काय? नाही. २०१६ साली किगाली येथे करारात दुरुस्ती करण्यात आली, हे वायूही टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले, आणि भारताने २०२१ साली तिला मान्यता दिली. चूक लक्षात आली, मोजली गेली, सुधारली गेली. इस्लामी परिभाषेत यालाच मुहासबा म्हणतात. तुमचा हिशेब घेतला जाण्यापूर्वी तुम्हीच स्वतःचा हिशेब घ्या, ही हजरत उमर (रजि.) यांची सूचना व्यक्तीला लागू आहे, तशीच समाजालाही.

आता आपल्या मशिदीकडे आणि घराकडे वळू. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीने छतावर पाचशेहून अधिक सौर पॅनेल बसविले, पाण्याची बचत केली, आणि २०२२ साली हरित इमारतीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळविणारे ते जगातील पहिले प्रार्थनास्थळ ठरले. आपल्याकडेही अनेक मशिदींच्या छतांवर पॅनेल दिसू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण वीज ‘फुकट’ झाली म्हणून रिकाम्या सभागृहात पंखे व दिवे चालू राहिले, वातानुकूलन यंत्र १८ अंशांवर लावले गेले, तर उपायाने मिळविलेले आपणच गमावतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाच्या सांगण्यानुसार यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. मशिदीच्या समितीने पॅनेलचा ठराव करताना वापराचाही ठराव करावा.

वृक्षारोपण ही तर सदका-ए-जारिया आहे. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले तरी ते लावणाऱ्यासाठी दान ठरते, ही बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील शिकवण आहे. लक्षात घ्या, येथे दान त्या झाडाचे आहे जे जगले, वाढले आणि फळाला आले. रोपवाटिकेतून ट्रकने रोपे आणायची, प्लॅस्टिकच्या पिशव्या तेथेच टाकायच्या, छायाचित्र काढायचे आणि उन्हाळ्यात एक तांब्याही पाणी घालायचे नाही, यात रोप मरते आणि डिझेल मात्र जळालेले असते. शंभर रोपे लावण्यापेक्षा पाच झाडे तीन उन्हाळे जगविणे अधिक चांगले.

एक नाजूक विषयही बोलला पाहिजे. हज आयुष्यात एकदा, ऐपत असणाऱ्यावर फर्ज आहे. त्याच्या प्रवासावर कोणी प्रश्न उपस्थित करू नये, आणि येथेही तो हेतू नाही. दरवर्षी हज करायचा काय, असे विचारले गेले तेव्हा प्रेषितांनी (स.) तो एकदाच असल्याचे आणि त्यापुढील ऐच्छिक असल्याचे स्पष्ट केले. मुंबई ते जिद्दा हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे. जाऊन-येऊन एका प्रवाशामागे ढोबळ मानाने अर्धा टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका सरासरी भारतीयाचे वर्षभराचे उत्सर्जन सुमारे दोन टन आहे. ज्यांना अल्लाहने संपत्ती दिली आहे आणि जे वर्षाआड नफ्ल उमरा करतात, त्यांनी आपल्या मनाला एवढेच विचारावे, की या वेळची रक्कम गावातील विहिरीचा गाळ काढण्यासाठी, एखाद्या विधवेच्या घराचे छप्पर शाकारण्यासाठी किंवा मदरशाच्या छतावरील पॅनेलसाठी दिली तर अल्लाहची प्रसन्नता अधिक मिळेल काय? उत्तर ज्याचे त्याने द्यावे. परंतु प्रश्न टाळू नये.

अलीकडे आणखी एक प्रथा रूढ होत आहे. आपले उत्सर्जन तसेच ठेवायचे आणि दूर कोठेतरी झाडे लावण्यासाठी पैसे देऊन कागदावर ते शून्य झाल्याचे जाहीर करायचे. तौबाचे नियम आपण जाणतो. अपराध सोडला पाहिजे, त्याची खंत वाटली पाहिजे, पुन्हा न करण्याचा निर्धार असला पाहिजे, आणि कोणाचा हक्क बुडाला असेल तर तो त्याला परत केला पाहिजे. अपराध चालू ठेवून केलेला खर्च ही तौबा नव्हे. सूरह अन्-नज्ममध्ये (आयत ३८) सांगितले आहे की कोणी दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. जे टाळणे शक्य आहे ते प्रथम टाळावे. जे टाळताच येत नाही त्याच्या भरपाईसाठी दान करावे. हा क्रम उलटा करू नये.

हा विषय आकड्यांचा वाटतो, पण मुळात हुकूकुल इबाद म्हणजे माणसांच्या हक्कांचा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली या भागांत पिढ्यान्पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. त्यांत आपल्या कोकणी बांधवांच्याही बागा होत्या. २०२२ साली पाकिस्तानातील महापुराने तीन कोटींहून अधिक लोकांना झळ पोहोचविली आणि १७०० हून अधिक जीव गेले. कोणतीही एक आपत्ती एकाच कारणाने येत नाही. परंतु तापणारा समुद्र आणि तापणारी हवा अशा संकटांचा जोर वाढवितात, हे शास्त्रज्ञ सातत्याने सांगत आहेत. ज्यांच्या बागा गेल्या, ज्यांची घरे वाहिली, त्यांनी हवेत सर्वांत कमी धूर सोडला होता. म्हणून उपायाचा भारही न्यायानेच वाटला गेला पाहिजे. पत्र्याच्या घरात पंखा फिरविणाऱ्या मजुराला संयमाचा उपदेश करण्यापूर्वी ज्याच्या घरात चार वातानुकूलन यंत्रे आहेत त्याने आपले एक बंद करावे. सूरह अस्-सफ्फमध्ये (आयत २-३) जे करीत नाही ते बोलण्याबद्दल श्रद्धावंतांना कठोर ताकीद आहे.

तेव्हा कोणताही ‘पर्यावरणपूरक’ उपाय हाती घेताना घरातील सर्वांनी मिळून चार गोष्टी पाहाव्यात. याची खरोखर गरज आहे काय, की जुनी वस्तूच चालण्यासारखी आहे? हा उपाय आपला भार किती दिवसांत फेडील? फेडीपर्यंत आपण तो टिकवून वापरणार आहोत काय? आणि यामुळे आपला एकूण वापर कमी होणार आहे, की मनाला समाधान मिळून तो वाढणार आहे? या चार प्रश्नांतून जो उपाय पार पडेल, तो निःशंक मनाने स्वीकारावा. तिर्मिजी यांच्या संग्रहातील हदीसनुसार कयामतच्या दिवशी माणसाला संपत्तीविषयी दोन प्रश्न विचारले जातील, ती कोठून मिळविली आणि कशात खर्च केली. वीज, इंधन आणि पाणी हीदेखील अल्लाहने दिलेली संपत्तीच आहे.

हे अल्लाह! तुझी पृथ्वी आमच्याकडे अमानत आहे. तिची निगा राखण्याची आम्हाला सुबुद्धी दे. आम्हाला निराशेपासून वाचव आणि आत्मसंतुष्टतेपासूनही वाचव. आमच्या उपायांत बरकत दे, आणि ज्यांची घरे-बागा पूर-वादळांत गेली त्यांना उत्तम भरपाई दे. आमीन.